डिक्कीतला ओटा

सकाळी ६.१५

ऑक्टोबरचं ऊन भडगावात दहाच्या आतच तापतं. पत्र्याच्या शेडखाली मग स्टीलची टेपही हातात धरवत नाही, म्हणून मापाचं काम मी पहाटेच उरकतो. पाचोरा रस्त्यावरच्या या दुकानात ट्रॅक्टर-ट्रॉलीचे फाळके, खिडक्यांच्या जाळ्या, दुकानांचे चॅनेल गेट हे आमचं रोजचं काम. आज शेडमध्ये एक पांढरी मारुती ईको उभी आहे आणि तिच्या डिक्कीत स्वयंपाकघर बसवायचं आहे. ओढलं की बाहेर, ढकललं की आत.

गाडी एका निवृत्त मुख्याध्यापकांची. कार्तिकी एकादशी झाली की सर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या मावशी, गाडीने नर्मदा परिक्रमेला निघणार. चातुर्मासात परिक्रमा थांबते, देव उठले की पुन्हा सुरू होते. म्हणून मला दिवाळीची घाई नाही, एकादशीची आहे. परिक्रमेत जागोजागी सदावर्त मिळतं, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ असा कोरडा शिधा. शिजवायचं ज्याचं त्याने. पायी जाणारे तीन दगड मांडून चूल पेटवतात. मावशींचे गुडघे त्यांना खाली बसू देत नाहीत. एवढ्याचसाठी हे सगळं काम निघालं आहे.

सकाळी ६.४५

डिक्कीत शिरून मापं घेतली. दोन्ही चाकांच्या फुगवट्यांच्या मधे साडेतीन फूट, त्यातून दोन्ही बाजूंनी चार-चार सूत सोडायचं. जमिनीपासून डिक्कीची फरशी सव्वादोन फूट. लोक लांबी-रुंदी मोजतात आणि उंची विसरतात, पण स्वयंपाकात सगळा खेळ उंचीचा. म्हणून कालच मावशींना दुकानात बोलावून भिंतीला उभं केलं आणि कोपरापर्यंत खडूने खूण केली. घरचा ओटा त्यांना उंच पडतो, भाकरी थापताना खांदे वर येतात, असं त्या सांगत होत्या. घर बांधणाऱ्याने सगळ्यांना एकाच उंचीचा ओटा दिला, त्याला कोण काय करणार. इथे मात्र माप माझ्या हातात आहे. ड्रॉवरचा तळ जमिनीपासून २९ इंचांवर घेतला, म्हणजे परात त्यांच्या कोपराच्या बरीच खाली येते. शेगडीची उंची धरून तवा साडेतेहतीसवर. वाकणं नाही, खांदे उचलणं नाही.

सकाळी ७.३०

शेडच्या कोब्यावर खडूने पूर्ण मापाचा नकाशा काढला. कागदावरच्या नकाशापेक्षा मला हा बरा वाटतो, कारण त्यावर प्रत्यक्ष शेगडी ठेवून बघता येते, परात ठेवून बघता येते.

सर चहा घेऊन आले आणि मोबाइलवर परदेशी गाड्या दाखवू लागले. बेसिन, फ्रीज, तीन बर्नर, वर दिवे. मी म्हटलं, सर, यातल्या निम्म्या वस्तू तुमच्या घरातही नाहीत. पण त्यांनी दाखवलेल्या दोन गोष्टी डोक्यात राहिल्या. एक म्हणजे टेक्सासमधली १८६६ सालची गाडी. गुरांचे कळप शेकडो मैल हाकत नेणाऱ्या चार्ल्स गुडनाइट यांनी जुन्या लष्करी गाडीच्या पाठीमागे खणांची पेटी ठोकली. पेटीचं झाकण खाली पाडलं आणि त्याला पाय लावला की तेच टेबल. दुसरी जर्मनीतली. १९५१ मध्ये वेस्टफालिया कंपनीने फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी एक कॅम्पिंग पेटी काढली. सुट्टीत गाडीत ठेवा, सोमवारी उतरवून गाडी कामाला लावा.

मला ही दुसरी पटली, आणि त्याला कायद्याचं कारण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच पक्कं केलं: कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून नोंदणी पुस्तकातली माहिती वेगळी पडेल असा फेरफार नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं हे खरं, पण म्हणून भडगावच्या फॅब्रिकेटरला कुणाची तरी ईको कापायचा परवाना मिळत नाही. म्हणून माझा नियम साधा आहे. बाक काढायचं नाही, पत्र्याला नवं भोक पाडायचं नाही, नवी वायर ओढायची नाही. आपण बनवतो ती पेटी. ती सामान म्हणून गाडीत बसेल आणि दोन माणसांनी उचलली की बाहेर येईल.

सकाळी ८.३०

सुतार मिस्त्री आले. जातीचे कारागीर आणि बोलणं अस्सल अहिराणी. प्लायवुडच्या पाट्या बघून म्हणाले, “अठराना लेवाना व्हता ना भो, मजबूत ऱ्हाता.” घरच्या फर्निचरला त्यांचं म्हणणं बरोबर. पण अठरा मिलिमीटरचा आठ बाय चारचा एक ताव ३५ किलोच्या पुढे जातो आणि बारा मिलिमीटरचा पंचवीसच्या आसपास. गाडीत प्रत्येक किलोचं पेट्रोल जळतं, आणि त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक किलो खड्ड्यात आपटतो. म्हणून सांगाडा एक इंची चौकोनी पाइपचा, अठरा गेजचा, आणि भिंती-तळ बारा मिलिमीटरच्या पाणीरोधक प्लायचा. ताकद पाइप देईल, प्लाय फक्त झाकेल.

मिस्त्रींना आणखी एक गोष्ट मान्य नव्हती. त्यांना प्लायच्या कडेत स्क्रू मारायचे होते. घरातल्या कपाटाला ते चालतं, कारण कपाट चाळीसगावला जात नाही. हादऱ्याने कडेतला स्क्रू आधी भोक मोठं करतो आणि मग स्वतःच गळून पडतो. मी आरपार बोल्ट, दोन्ही बाजूंनी वायसर आणि नायलॉनच्या कड्याचा नट असा आग्रह धरला. मिस्त्रींनी मान डोलावली, पण कापाकाप करताना दोनदा पुटपुटले. चांगला कारागीर पुटपुटतोच.

सकाळी १०.००

वेल्डिंग. इथे सांगण्यासारखं फार नाही. गुण्या लावून चौकोन टॅक मारला, कर्ण मोजले, मग पूर्ण वेल्ड केलं. दोन्ही कर्ण एक सुताच्या आत जुळले पाहिजेत, नाहीतर दुपारी चॅनेल रडतो. ग्राइंडर फिरवून रेडऑक्साइड मारला. वाळेपर्यंत पोऱ्याला ट्रॉलीच्या फाळक्याकडे लावलं, कारण कपाशीच्या वेचण्या सुरू झाल्यात आणि ट्रॉलीवाला शेतकरी परिक्रमेसारखा एकादशीपर्यंत थांबत नाही.

दुपारी १२.००

आता खरं काम: चॅनेल. गावातल्या हार्डवेअरमध्ये मिळतात ते ४५ किलोचे. घरातल्या ड्रॉवरला ते पुष्कळ होतात. पण डब्यावर छापलेला आकडा वजन सारखं पसरलेलं आणि जागा स्थिर असते तेव्हाचा. रस्त्यावर गाडी उसळली की तेच वजन क्षणभर दुप्पट-तिप्पट होऊन आदळतं. म्हणून जळगावहून जड कामाचे, चोवीस इंची, दोन्ही टोकांना अडकणारे चॅनेल आणवले. घरगुती चॅनेलला प्रत्येक बाजूला चार सूत जागा लागते, याला सहा. तेवढा फरक सकाळीच नकाशात धरला होता.

दोन्ही टोकांना अडकणारे का, हे थोडं समजावून सांगावं लागतं. हा ड्रॉवर गाडीच्या मागे उघडतो. ब्रेक मारला की ड्रॉवर पुढे, म्हणजे आतल्या बाजूला दाबला जातो. तिथे काळजी नाही. काळजी आहे ती घाट चढताना, जोरात उठाव घेताना आणि गतिरोधकावरून मागची चाकं उडतात तेव्हा. त्या वेळी आतली परात, डबे, तवा सगळं मिळून डिक्कीच्या दारावर धडक मारतं. लोहचुंबकाचे कॅच इथे निरुपयोगी. आत अडकवायला खटक्याचं कुलूप हवंच.

बाहेरच्या टोकालाही तितकंच. भाकरी थापताना हाताचा रेटा पुढे असतो. ड्रॉवर बाहेर अडकलेला नसेल तर प्रत्येक थापीला तो एक बोट आत सरकेल आणि करणारी बाई परातीच्या मागे मागे गाडीत शिरेल. मी बघितलेल्या तयार किटांत हा दुसरा खटका फार कमी वेळा दिसला. ते बनवणाऱ्यांनी बहुधा भाकरी थापलेली नाही.

पेटीत दोन खण आहेत, शेजारी शेजारी. डाव्या ड्रॉवरमध्ये शेगडी आणि मसाल्याचे डबे, उजव्यात परात, पीठ, शिधा. सरांनी विचारलं, एकच मोठा का नाही? त्याचं उत्तर संध्याकाळी मावशी देतील म्हणालो.

चॅनेल बसवले. पोऱ्याने उजवा ओढला आणि ओरडला, “दादा, हाई आडकी ऱ्हायनं!” जोर लावू नकोस म्हणालो. एका बाजूचा चॅनेल सूतभर वर बसला होता. बोल्ट ढिला केला, लेव्हल लावली, पुन्हा आवळला. दोन बोटांनी ओढला तरी येतो आहे.

दुपारी १.१५

लाइट गेली. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा. मिस्त्री शेडच्या सावलीत आडवे झाले.

मी हिशेब घातला. ड्रॉवर भरल्यावर साधारण २५ किलोचा होईल. पूर्ण बाहेर आला की त्याच्या वजनाचा मध्य पेटीच्या तोंडापासून १२ इंच बाहेर. दोन्ही बाहेर काढले तर ५० किलो गुणिले १२, म्हणजे ६००. उलट बाजूने पेटीचं स्वतःचं वजन ३० किलो, तिचा मध्य तोंडापासून १३ इंच आत: ३९०. थोडक्यात, नुसती ठेवलेली पेटी मावशींच्या अंगावर उलटेल. हा हिशेब न करता बनवलेली पेटी बघायची असेल तर तिच्यापासून चार हात लांब उभं राहून बघा.

याला दोन उपाय, आणि दोन्ही हवेत. एक, पेटी डिक्कीच्या फरशीत आधीपासून असलेल्या बोल्टांच्या जागांना पट्ट्यांनी आवळायची आणि वरून सामान बांधायचा पट्टा ताणायचा. हीच बांधणी जोरात ब्रेक लागला तर ८० किलोची पेटी बाकावर येऊ देत नाही. दोन, प्रत्येक ड्रॉवरच्या बाहेरच्या टोकाला टेकू. पाइपात पाइप, भोकांतून पिन, तळाशी आटे असलेला बोल्ट. आश्रमाचं अंगण कधी सपाट नसतं. बोल्ट फिरवून परातीतलं पाणी सारखं होईल इतपत टेकू वर-खाली करता येतो.

दुपारी ३.००

लाइट आली. टेकू वेल्ड केले, शेगडीभोवती वाऱ्याला आडोसा देणारी पानं बसवली. तीन बाजूंनी घडी होणारी, स्टेनलेस पत्र्याची. जस्त चढवलेला पत्रा स्वस्त पडला असता, पण ज्वाळेजवळ तापला की त्यातून जस्ताचा धूर निघू शकतो. खाण्याच्या जागी तो नको.

मग गॅसचा विषय. इथे मी कुणाचंही ऐकत नाही. सरांना १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर कायमचा गाडीत ठेवायचा होता, “परत परत भरायला नको.” मी नाही म्हटलं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, फरशीवर साचतो, बाकाखाली, चटईखाली. त्याला ओळखीचा वास यावा म्हणून मर्कॅप्टन मिसळतात, पण खिडक्या बंद करून झोपलेल्या माणसाचं नाक झोपलेलंच असतं. वर गाडीत पेट्रोल, बॅटरी, स्टार्टरची ठिणगी. म्हणून पाच किलोचा छोटा सिलिंडर, उभाच, पट्ट्याने बांधलेला. गाडी थांबली की तो खाली उतरवून जमिनीवर, गाडीपासून नळीच्या लांबीइतका दूर, आणि तिथेच रेग्युलेटर जोडायचा. निघताना रेग्युलेटर काढून टोपी लावायची. रात्री झोपताना सिलिंडर गाडीबाहेर. आणि पाऊस असो वा थंडी, डिक्की उघडी ठेवूनच पेटवायचं. दारं लावून शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड जमतो आणि त्याला वासच नसतो.

सर थोडे खट्टू झाले. मग म्हणाले, दोन बर्नर तरी द्या. दोन बर्नरची शेगडी साडेसतरा इंची ड्रॉवरमध्ये आडवी मावत नाही. मावशींनीच प्रश्न सोडवला. दोन माणसांना एक बर्नर पुरतो म्हणाल्या, आमटी आधी, भाकरी नंतर. बर्नर ड्रॉवरच्या अगदी बाहेरच्या टोकाला बसवला, म्हणजे ज्वाळा बंपरपासून दीड फूट मागे राहते.

पाण्याचा वीस लिटरचा जार मात्र ड्रॉवरमध्ये घेतला नाही. पाणी म्हणजे लिटरला किलो, आणि ते हिंदकळतं. तो चाकाच्या फुगवट्याशेजारी बांधला, खाली तोटी. पंप नाही, मोटर नाही, बिघडायला काही नाही.

दुपारी ४.३०

रस्त्यावरची चाचणी. डब्यांत वाळू भरली, तवा-परात जागच्या जागी ठेवली आणि गाडी गिरणेच्या काठाने जाणाऱ्या मातीच्या रस्त्याला घातली. जळगाव-चाळीसगाव महामार्ग आता बरा आहे. त्यावर चाचणी घेऊन काही कळत नाही. पोऱ्या मागे बसून कान लावून ऐकत होता. पेटी गप्प होती, ड्रॉवर गप्प होते. तवा बोलत होता. भांड्यावर भांडं आलं की आवाज होणारच. दोन ताटांच्या मधे जुन्या लुगड्याची घडी आणि तव्याला कापडी पिशवी, एवढ्यावर ते भागलं. ड्रॉवरच्या तळाला जळगावच्या प्लॅस्टिक चटईचा तुकडा कापून अंथरला. या कामाला रबरापेक्षा ती हलकी, धुता येते, आणि जळगावात तिचे कारखानेच आहेत.

परत आल्यावर प्रत्येक नट पान्याने तपासला. दोन फिरले. पाचशे किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा आवळायचे, हे सरांना वहीत लिहून दिलं. कन्नड घाट चढून बघायला हवा होता, पण उजेड गेला असता. तो उद्या.

संध्याकाळी ६.००

मावशी पीठ घेऊन आल्या. शेडच्या बाहेर गाडी उभी केली, डिक्कीचं दार वर गेलं, दोन्ही ड्रॉवर बाहेर, टेकू खाली, खटके लागले. त्यांनी डुबुक वड्यांची आमटी ठेवली. उकळत्या आमटीत डाळीच्या पिठाचे गोळे सोडायचे, एकच भांडं, परिक्रमेला योग्य पदार्थ. आमटी मंद करून त्या उजव्या ड्रॉवरवर भाकरी थापायला लागल्या. दणादण थापा. उजवा ड्रॉवर हलत होता. डाव्यावरची आमटी तिच्या लयीत उकळत होती, थेंब सांडला नाही. एकच मोठा ड्रॉवर असता तर प्रत्येक थापीला आमटी काठावर आली असती. सरांनी दुपारचा प्रश्न पुन्हा विचारला नाही.

पहिली भाकरी झाल्यावर मावशी म्हणाल्या, “हाई उंची बराबर शे. पन पीठ ठेवाले जागा कोठे शे?” खरं होतं. थापताना पिठाचा डबा उजव्या हाताशी लागतो, आणि तो ड्रॉवरच्या तळाशी, परातीखाली गेला होता. मिस्त्रींनी उरलेल्या प्लायचा वीतभर तुकडा कापून ड्रॉवरच्या उजव्या कडेला बिजागरीने लावला. उचलला की फळी, पाडला की कड. दुसऱ्या भाकरीपर्यंत फळी तयार होती. दिवसभरातली ही सगळ्यात चांगली सुधारणा, आणि तिचं श्रेय माझं नाही.

आमटीत लसूण जरा जास्त झाला होता. कुणी तक्रार केली नाही.

रात्री ८.००

राहिलेलं काम: प्लायच्या कडांना रंग, कारण पाणी कडेतूनच शिरतं, हँडल, सिलिंडरच्या पट्ट्याचं बक्कल. उद्या दुपारपर्यंत होईल. नंतर गाडी उत्तरेला, ओंकारेश्वरला जाईल. दक्षिण तटाचा मार्ग पुढे खेतियावरून आपल्या शहादा-प्रकाशा भागातून जातो, तेव्हा काही बिघडलं तर फोन करा म्हणालो, तिथपर्यंत मी येऊ शकतो.

बिल काढत असताना फोन आला. कुणीतरी ईकोचं काम चालू असल्याचं ऐकलं होतं. त्यांना नऊ सीटच्या गाडीतली मागची सगळी बाकं काढून पक्कं किचन हवं होतं, छताला पंखा, वर १४.२ किलोचा सिलिंडर बसवून. पैसे जास्त देतो म्हणाले. मी नाही म्हटलं. तुमच्याही डोक्यात असं काही असेल तर आधी नोंदणी पुस्तक घेऊन आरटीओत विचारून या, मग माझ्याकडे या. आणि येताना स्वयंपाक कोण करणार आहे त्या माणसाला सोबत आणा. टेप मी आधी त्यांनाच लावणार आहे.